बाटली शंभर कोंबड्यांची, दारात मात्र दहाच. परसातली मर थांबवायची तर वस्तीने एकत्र यायला हवं

पुणे : होळी झाली, ऊन चढायला लागलं की पुणे जिल्ह्यातल्या गावागावांत एक बातमी कानावर येतेच. अमक्या वस्तीवर कोंबड्यांची मर आली. संध्याकाळी धडधाकट असलेली तलंग सकाळी खुराड्यात मान टाकून पडलेली असते. दोन-तीन दिवसांत दुसरी, मग चौथी, आणि आठवड्यात खुराडं रिकामं. मावळातली वाडी असो, नाहीतर शिरूर-दौंडच्या बागायती पट्ट्यातली वस्ती, गोष्ट तीच.

या मरीला बहुतेक वेळा कारण असतो राणीखेत रोग. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणतात. त्यावरची लस काही नवी नाही, महागही नाही आणि लांबूनही आणावी लागत नाही. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाची पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था पुण्यातच, औंधला आहे. जनावरांच्या घटसर्प, फऱ्या, आंत्रविषार या लसींबरोबर कोंबड्यांच्या राणीखेतची लसही तिथे तयार होते. म्हणजे लस बनते पुण्यात आणि कोंबड्या मरतात पुण्याच्याच जिल्ह्यात. मधे अडतं कुठे?

अडतं ते बाटलीच्या मापात. मोठ्या कोंबडीला टोचायची जी लस येते, ती साधारण शंभर डोसच्या बाटलीत असते. ती लस म्हणजे बाटलीच्या तळाशी चिकटलेली कोरडी वडी. त्यात ५० मिली द्रावण मिसळायचं आणि कोंबडीमागे अर्धा मिली टोचायची. एकदा मिसळली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. उरलेली फ्रिजमध्ये ठेवून उद्या वापरता येत नाही. पोल्ट्री शेडवाल्याला याचं काही वाटत नाही, त्याच्याकडे पक्षीच हजारांत असतात. पण ज्या घरात एक कोंबडा, सहा कोंबड्या आणि चार तलंगा आहेत, त्या घरातली बाई शंभराची बाटली कशाला फोडेल? आणि दहा कोंबड्यांसाठी बाटली फोडायला डॉक्टरही कां-कूं करतात. शेवटी कुणीच फोडत नाही.

यावर उपाय एकच, आणि तो दवाखान्यात नाही, वस्तीवर आहे. दहा-बारा घरांनी एक दिवस ठरवायचा. प्रत्येक घरातल्या कोंबड्या मोजायच्या, आकडा एका कागदावर लिहायचा आणि तो कागद घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जायचं. 'आमच्या वस्तीवर ९४ पक्षी आहेत, शनिवारी पहाटे टोचायचे आहेत' असं सांगितलं की बाटली वाया जाण्याचा प्रश्नच उरत नाही. उमेदच्या बचत गटात पशुसखी असेल तर हे काम आणखी सोपं. कुणाकडे किती कोंबड्या आहेत हे तिला तोंडपाठ असतं.

वेळ पहाटेचीच धरावी. कोंबड्या खुराड्यात असतात तोवर हाती लागतात. एकदा सुटल्या की मागे पळून माणूस दमतो आणि कोंबडीही. आदल्या रात्री डाल्याखाली झाकून ठेवल्या तर उत्तमच. लस थर्मासमध्ये बर्फ घालूनच आणायची. ती जिवंत विषाणूची लस असते, उन्हात तापली की मरते. मग टोचली काय आणि नाही टोचली काय, सारखंच. 'लस देऊनही आमच्या कोंबड्या गेल्या' अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी लस एप्रिलच्या उन्हात मोटरसायकलच्या डिकीतून आलेली असते. किंवा मग वस्तीवर मर सुरू झाल्यावर घाईने टोचलेली असते. रोग अंगात शिरल्यावर ही लस उपयोगी पडत नाही. आधीच आजारी असलेल्या पक्ष्याला टोचली तर तो आणखी लवकर जाऊ शकतो.

टोचणीची ही लस आठ आठवड्यांपुढच्या पक्ष्यांनाच द्यायची. लहान पिल्लांची लस वेगळी, तिला लासोटा म्हणतात. पाच ते सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब टाकायचा आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा द्यायची. ती पाण्यातूनही देता येते. पण नळाचं क्लोरीन टाकलेलं पाणी चालत नाही, त्याने लस मरते. विहिरीचं किंवा बोअरचं स्वच्छ पाणी घ्यायचं, त्यात लिटरला पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळायची आणि पक्ष्यांना आधी तासभर तहानलेलं ठेवायचं. टोचणीच्या आठवडाभर आधी जंताचं औषध दिलेलं बरं. जंतांनी पोखरलेल्या कोंबडीच्या अंगात लस नीट लागत नाही. टोचल्यावर चार-पाच दिवस कोंबड्या जरा मलूल राहतात, अंडी कमी होतात. त्याने घाबरायचं कारण नाही. पुढचा डोस कधी, ते डॉक्टरांना विचारून घराच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावं.

मर येते कुठून?

मानमोडीत आधी कोंबडी पिसं फुलवून कोपऱ्यात बसते. हिरवट-पांढरी पातळ हगवण लागते. तोंड उघडून श्वास घेते, घरघर येते. काहींची मान पिरगळते, पाय-पंख लुळे पडतात. लस न दिलेल्या खुराड्यात शंभरातल्या ऐंशी-नव्वदही जाऊ शकतात. हा विषाणूचा आजार आहे, त्यामुळे मेडिकलमधून माणसाच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून पाण्यात विरघळवण्याने काही होत नाही. हळद, लसूण, कांद्याचा रस यानेही नाही. ही गोष्ट स्पष्ट सांगितलेली बरी, कारण व्हॉट्सॲपवर असे उपाय दर उन्हाळ्यात फिरतात आणि त्यात मोलाचे चार दिवस जातात.

रोग वाऱ्यावर येतो असं गावात म्हणतात. पण बहुतेक वेळा त्याला माणूसच आणतो. चैत्र-वैशाखात पुणे जिल्ह्यात यात्रांचा हंगाम. पाहुण्यांसाठी आठवडे बाजारातून कोंबडा आणला जातो, दोन दिवस दारात बांधला जातो आणि घरच्या कोंबड्यांत मिसळतो. बाजार चाकणचा असो की बेल्ह्याचा, दहा गावांचे पक्षी एका जाळीत कोंबलेले असतात. त्यातला एक जरी रोगी असला तरी पुरे. व्यापाऱ्याचं डालं, टेम्पोची जाळी, पायातली चप्पल, सगळ्याला विष्ठा लागलेली असते. म्हणून बाहेरून आणलेला पक्षी, मग तो कितीही देखणा असो, दोन आठवडे वेगळा ठेवायचा. यात्रेचा कोंबडा असेल तर आणल्या दिवशीच कापलेला बरा. त्याची पिसं आणि आतडी मात्र उकिरड्यावर न टाकता पुरावीत.

दुसरी खोड याहून वाईट. दोन कोंबड्या मेल्या की उरलेल्या आठ मिळेल त्या भावात विकायच्या. घरचं नुकसान थोडं वाचतं, पण मर पुढच्या तीन गावांत पोचते. ज्यांनी हे केलं त्यांच्याकडेही पुढच्या वर्षी ती फिरून येते.

पिल्लं खडकीची, पण पहिले सहा आठवडे घरचे

पुण्याचं नाव कोंबड्यांच्या धंद्यात मोठं आहे. वेंकटेश्वरा हॅचरीजचा पसारा इथूनच वाढला, अंड्याचे रोजचे भाव सांगणारी एनईसीसी १९८२ पासून काम करते. पण तो पिंजऱ्यातल्या कोंबड्यांचा धंदा. पिंजऱ्यातली कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते आणि त्यासाठी रोज शंभर ग्रॅमच्या वर तयार खाद्य खाते. परसातली गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देईल, पण तिला खाद्य जवळपास फुकट मिळतं, ती स्वतः पिल्लं काढते, आणि तिच्या अंड्याला पुण्यात पांढऱ्या अंड्याच्या दुपटीने भाव मिळतो. मधला मार्ग सुधारित जातींचा. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा, हैदराबादची वनराजा आणि ग्रामप्रिया. दिसायला रंगीत, वाढीला चांगल्या, परसात शंभराच्या वर अंडी देणाऱ्या. खडकीला पशुसंवर्धन विभागाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तिथे अशा सुधारित जातींची एक दिवसाची पिल्लं नोंदणी करून मिळतात.

या जाती सहसा खुडूक बसत नाहीत, हे आणणाऱ्याला आधी माहीत असावं. घरी अंडी उबवायची तर एखादी गावरान खुडूक कोंबडी राखून ठेवावी लागते. आणि त्या अंड्यांतून निघालेली पिल्लं आईसारखीच वाढतील याचा भरवसा नसतो.

पिल्लं मरतात ती बहुतेक पहिल्या पंधरा दिवसांत, आणि थंडीने. आई नसलेल्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करत न्यायची. पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं दीड फूट उंचीचं गोल कुंपण करायचं, खाली भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा पसरायचा, वर पहिले तीन-चार दिवस कागद. पन्नास पिल्लांना शंभर वॉटचा एक बल्ब. हा बल्ब जुन्या तारेचाच लागतो. एलईडीने उजेड पडतो, ऊब मिळत नाही, आणि आता बऱ्याच दुकानांत तारेचा बल्ब मागितला की दुकानदार शोधत बसतो. म्हणून पिल्लं आणायच्या आधी बल्ब आणावा. थर्मामीटर नसला तरी चालतं. पिल्लं बल्बखाली एकमेकांच्या अंगावर चढून चिवचिवत असतील तर थंडी वाजते आहे, कडेला पळून चोच उघडत असतील तर ऊब जास्त झाली, आणि सगळीकडे पसरून निवांत असतील तर बरोबर. रात्री वीज जाते तिथे कोळशाची शेगडी तयार ठेवावी. पण दार-खिडकी बंद करून शेगडी ठेवली तर धुराने पिल्लं गुदमरतात, वारा खेळता हवा.

आल्या आल्या पहिलं गुळाचं पाणी, मग दोन-तीन तासांनी मक्याची बारीक भरड कागदावर, आणि दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर खाद्य. काटकसर करायला लोक इथेच सुरुवात करतात आणि इथेच फसतात. सहा आठवड्यांत एक पिल्लू जेमतेम दीड किलो खाद्य खातं. पंचवीस पिल्लांना पन्नास किलोचं एक पोतं पुरून उरतं. ते वाचवून नुसत्या तांदळाच्या कणीवर वाढवलेली पिल्लं खुरटी राहतात, पंख गळतात, आणि लस दिली तरी अंगात ताकद नसते. अंड्यावरच्या कोंबडीचं लेअर खाद्य मात्र पिल्लांना चुकूनही घालू नये. त्यात चुन्याचं प्रमाण इतकं असतं की पिल्लाच्या मूत्रपिंडावर येतं. तूस ओलं राहिलं तर तिसऱ्या आठवड्यापासून रक्ती हगवण लागते, म्हणून पाण्याच्या भांड्याखालचं तूस रोज हलवावं, ओलं झालेलं बाहेर काढावं.

ज्यांना पिल्लांची ही कसरत नको, त्यांनी आठ ते दहा आठवड्यांच्या तलंगा घ्याव्यात. महाग पडतात, पण नाजूक दिवस दुसऱ्याने काढलेले असतात. पशुसंवर्धन विभागाच्या योजनांत तलंगा-नरांचे गट अनुदानावर वाटले गेले आहेत. सध्या अर्ज सुरू आहेत का आणि अटी काय, ते पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे विचारावं. घेताना त्यांना राणीखेतची लस कोणत्या तारखेला दिली, हे लिहून मागायचं. सांगता आलं नाही तर दिली नाही असंच समजायचं.

मोठ्या कोंबड्यांचं संध्याकाळचं खाणं

सहा-आठ आठवड्यांनी पक्षी बाहेर सोडले की दिवसभर किडे, गवत, सांडलेलं धान्य टिपतात. एवढ्यावर कोंबडी जगते, पण अंडी भरपूर देत नाही. संध्याकाळी खुराड्यात शिरताना तिला मूठभर, म्हणजे तीस-चाळीस ग्रॅम खाद्य मिळालं तर फरक महिन्यात दिसतो. शिवाय त्या निमित्ताने कोंबड्या वेळेवर घरी येतात आणि मोजल्या जातात.

हे खाद्य घरीच होतं. दहा किलो करायचं तर पाच किलो मका, बाजरी किंवा ज्वारीचा भरडा, दोन किलो तांदळाचा कोंडा, अडीच किलो शेंगदाणा किंवा सोयाबीन पेंड, पाव किलो खनिज मिश्रण, पाव किलो शिंपल्यांचा चुरा आणि चिमूटभर नव्हे तर मोजून तीस ग्रॅम मीठ. मावळ-मुळशी-भोरकडे कोंडा आणि कणी मिळते, बारामती-इंदापूरकडे मका आणि ज्वारी. जे जवळ पिकतं ते घ्यावं. कच्चं सोयाबीन भरडून घालू नये, ते पचत नाही. भाजून घ्यावं किंवा पेंडच वापरावी. अंड्याची टरफलं फेकू नयेत, पण भाजून अगदी बारीक करूनच घालावीत. अख्खं टरफल दिलं की कोंबडीला अंडं फोडून खायची चटक लागते, आणि ती चटक सुटत नाही.

पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका 'कोंबड्यांना चालेल' म्हणून बाजूला काढला जातो. तो कोंबड्यांनाच सगळ्यात कमी चालतो. बुरशीचं विष यकृतावर जातं आणि लसही लागू देत नाही. औषध चोळलेलं, लाल-गुलाबी रंगाचं उरलेलं बियाणं तर दारातही सांडू नये.

ॲझोलाबद्दल बरंच बोललं जातं. चांगला हिरवा चारा आहे, कोंबड्या आवडीने खातात. पण ओल्या ॲझोलात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. त्याने खाद्याचा खर्च निम्मा होतो हे ऐकून कुणी खड्डे खणू नयेत. शेवग्याचा पाला, मेथीच्या काड्या, पालकाची उरलेली पानं हेही तेच काम करतात.

शहरालगतच्या गावांचा प्रश्न वेगळा झाला आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. तिथल्या जुन्या घरांत अजून कोंबड्या आहेत, पण फिरायला परस उरलेलं नाही. बंद जागेतल्या कोंबडीला मूठभर खाद्य पुरत नाही, तिला पूर्ण शंभर-एकशेदहा ग्रॅम लागतं. ती भूक हॉटेलच्या उरलेल्यावर भागवली जाते. त्यात मीठ, तेल, आंबलेला भात असतो. जास्त मिठाने कोंबड्या नुसतं पाणी पीत राहतात, हगवण लागते आणि मरतातही. घरातला ताजा भात, चपातीचा तुकडा ठीक, बादलीभर खरकटं नको. जागा कमी असेल तर पक्षी कमी करावेत, हे ऐकायला कडू असलं तरी खरं आहे.

उन्हाळ्यात पाणी खाद्यापेक्षा महत्त्वाचं. कोंबडी खाल्ल्याच्या दुप्पट पाणी पिते, उन्हात त्याहून जास्त. मातीचं पसरट भांडं सावलीत ठेवून दिवसातून तीनदा बदलावं.

कोंबड्यांबरोबर दारात दोन-चार शेळ्या असतातच. त्यांच्याबद्दल एवढंच, की कोंबड्यांचं खाद्य शेळीच्या तोंडाला लागू देऊ नये. भरड्याचं पोतं उघडं राहिलं आणि शेळीने पोटभर खाल्लं तर पोट आंबून दोन दिवसांत जाते. असं झालं तर पाणी पाजत न बसता लगेच डॉक्टरांना बोलवावं. शेळ्यांना आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी, म्हणजे कोवळं गवत उगवायच्या आत द्यायची असते. कोंबड्यांच्या टोचणीच्या दिवशीच ही चौकशी करून ठेवली तर डॉक्टरांची दुसरी खेप वाचते. जुन्नर-आंबेगाव-शिरूर-खेड पट्ट्यात शेळ्यांचा गोठा आणि कोंबड्यांचं खुराडं दोन्ही वरून बंद हवं. बिबट्या कुडावरून सहज उडी घेतो, आणि मुंगसाला खुराड्याची चार बोटं फट पुरते.

एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या गेल्या, तर ती मानमोडीच असेल असं घरी ठरवू नये. २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आला, २०२१ च्या जानेवारीत परभणीतल्या मुरुंब्याला पुन्हा आला. तोही अशाच अचानक मरीने दिसतो. अशा वेळी मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने हात लावायचा नाही, ओढ्यात टाकायचे नाहीत, दवाखान्यात कळवायचं. नमुने औंधच्या रोग अन्वेषण विभागात जातात, तिथून गरज पडली तर भोपाळच्या प्रयोगशाळेत. अहवाल येईपर्यंत कोंबड्या, अंडी, खत काहीही वस्तीबाहेर जाऊ द्यायचं नाही.

नवीन पिल्लं आणायची असतील तर गणपतीनंतरचा काळ बरा. पाऊस ओसरलेला असतो, थंडी पडलेली नसते. गणपतीत आणलेल्या पिल्लाला आठवड्यात लासोटा, महिन्याने पुन्हा, आणि आठ आठवड्यांची टोचणी दिवाळीच्या आगेमागे येते. होळीच्या आधी ती तलंग अंड्यावर आलेली असते आणि तिच्या अंगात लस असते. ज्यांच्याकडे आता मोठ्या कोंबड्या आहेत आणि कधीच टोचलेल्या नाहीत, त्यांनी मात्र दिवाळीची वाट पाहू नये. वस्तीवर मर नाही असा कुठलाही आठवडा चालतो. शेजारच्या वहिनींना 'तुमच्या किती?' एवढं विचारून कागदावर पहिला आकडा लिहायला लागतो, बाकीचे नव्वद जमायला दोन दिवस पुरतात.